मैदानावरील जमाखर्च

पैशाचा व्यवहार मुलांना शाळेत शिकवावा की नाही, हा प्रश्न आता फारसा वादाचा राहिलेला नाही. तो कसा शिकवावा, हा मात्र राहिला आहे. आज बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर व्याख्यानाने दिले जाते. एखाद्या बँकेचे अधिकारी येतात, फळ्यावर बचत, गुंतवणूक, विमा हे शब्द एकाखाली एक लिहितात, मुले ते वहीत उतरून घेतात आणि आभारप्रदर्शनाने तास संपतो. या प्रयत्नांमागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी अवघे शेकडा 27 आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले, आणि यांतील बरेच प्रौढ कधी ना कधी शाळेच्या बाकावर बसलेलेही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बाकावर बसवून शिकवण्याच्या रीतीविषयी थोडा मूलगामी विचार करणे प्राप्त होते. या लेखात त्या रीतीला सुचवल्या जाणाऱ्या एका पर्यायाचा, म्हणजे मुलांना उठवून, चालवून, वर्तुळात उभे करून आणि मैदानावर नेऊन घरगुती अर्थव्यवहार शिकवण्याच्या पद्धतीचा, परामर्श घ्यावयाचा आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारातून जो शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला, त्याचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरावर होता; खते, रोखे आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळावेत, हीच जमावाची मुख्य मागणी होती. चार वर्षांनी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा केला. त्या उठावाची कारणे अनेक होती, कापसाचे उतरलेले भाव आणि वाढलेला सारा ही त्यांतली मोठी. तथापि ज्या कागदावर निशाणी केली त्या कागदावरील रक्कम दोन-तीन वर्षांत कोठवर जाते, हे निशाणी करणाऱ्याला दिसत नव्हते, हेही त्यांतले एक कारण होतेच. आज निशाणीच्या जागी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील संमतीचे बटण आले आहे. दिसत नाही ते अजूनही दिसत नाही.

किंबहुना पूर्वी जे थोडेफार दिसत असे तेही आता लोपत चालले आहे. आई दुकानदाराला नोट देते, तो गल्ल्यातून सुटे काढतो, ते मोजून घेतले जातात आणि उरलेले चार रुपये मुलाच्या मुठीत येतात, या क्रमात मुलाला बेरीज-वजाबाकीचे अर्धे शिक्षण विनासायास मिळत असे. 2016 साली आलेल्या यूपीआयने हा व्यवहार इतका सुलभ केला की तो मुलाच्या डोळ्यांसमोरून नाहीसाच झाला. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या परिपत्रकाने दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे एका बाजूने अधिकार लवकर आला आणि दुसऱ्या बाजूने अनुभव दुरावला. पैशाला पुन्हा एकदा वजन, अंतर आणि वेळ प्राप्त करून देणे, हे हालचालीवर आधारलेल्या शिक्षणाचे खरे प्रयोजन मला वाटते. मुले बसून कंटाळतात म्हणून त्यांना उठवावे, हे त्याचे गौण प्रयोजन होय.

देहाच्या द्वारा बुद्धीकडे जाण्याचा हा मार्ग नवा नाही. फ्रोबेल आणि माँटेसोरी यांनी तो युरोपात रूढ केला. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर उघडून आणि ताराबाई मोडक यांनी आधी त्यांच्यासोबत, मग बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघ यांच्या साहाय्याने तो आपल्या मातीत रुजवला. 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने तर हातांनी केलेल्या उत्पादक कामालाच शिक्षणाचा कणा मानले. सूत किती कातले, कापूस किती लागला, मजुरी किती पडली, हा हिशेब त्या योजनेत गणिताच्या तासापासून वेगळा नव्हता. मात्र या परंपरेने पैसा मिळवण्याच्या अंगाकडे जेवढे लक्ष दिले तेवढे व्याज, कर्ज, जोखीम आणि महागाई यांकडे दिले नाही, आणि आजच्या कुटुंबाची फसगत प्रामुख्याने याच चार ठिकाणी होते.

आज हालचालीतून अर्थशिक्षण या नावाने जे उपक्रम चालतात त्यांचे दोन निराळे वर्ग पाडणे मला अत्यावश्यक वाटते. पहिल्या वर्गात हालचाल ही केवळ उत्तर देण्याची तऱ्हा असते: 'गरज' म्हणणाऱ्यांनी या भिंतीशी जावे, 'चैन' म्हणणाऱ्यांनी त्या भिंतीशी. यात मुले धावतात, हसतात, पण चपला ही गरज की चैन हे ठरवताना पाय काहीच सांगत नाहीत. पुष्कळदा तर बहुसंख्य जिकडे धावले तिकडेच उरलेले धावतात. दुसऱ्या वर्गात हालचाल हाच अर्थ असतो, म्हणजे पावलाचे अंतर हीच रक्कम, शिट्टी हाच महिना आणि मागे सरकणे हेच कर्ज. पहिल्या वर्गाचे उपक्रम करण्यास सोपे म्हणून सर्वत्र आढळतात. दुसऱ्या वर्गाचे कमी आढळतात, आणि मोल त्यांचेच अधिक आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. मैदानावर फक्कीने एक रेघ आखावी आणि एक पाऊल म्हणजे शंभर रुपये असे ठरवावे. दोन मुले रेघेपासून दहा पावलांवर, म्हणजे हजार रुपयांवर, शेजारी शेजारी उभी करावीत. हिशेब सोपा जावा म्हणून दर वर्षाला शेकडा 10 धरावा आणि प्रत्येक शिट्टीला एक वर्ष सरावे. पहिल्या मुलाला सरळव्याज मिळते, म्हणून ते दर शिट्टीला एकच पाऊल टाकते. दुसऱ्याला चक्रवाढ मिळते, म्हणून ते आपल्या आणि रेघेच्या मधल्या अंतराचा दहावा भाग पुढे सरकते. प्रारंभी दोघे जवळजवळ बरोबरच चालतात आणि पाहणाऱ्या मुलांना यात काही विशेष वाटत नाही. पाचव्या शिट्टीला एक पंधराव्या पावलावर असते, दुसरे सोळाव्यावर. आठव्या शिट्टीला मात्र दुसऱ्याला जवळजवळ दोन पावले टाकावी लागतात, दहाव्या शिट्टीअखेर ते सव्विसाव्या पावलावर पोचते आणि पहिले विसाव्यावर राहते. विसाव्या वर्षी दुसऱ्या मुलाला एका शिट्टीत सहा पावले जायचे असते, ते चालून भागत नाही, पळावे लागते. आणि ते जेव्हा सदुसष्टाव्या पावलावर पोचते तेव्हा खो-खोच्या मैदानाची लांबी मागे पडलेली असते, तर सरळव्याजाचे मूल तिसाव्या पावलावरून त्याच्याकडे पाहत असते. चक्रवाढीचे सूत्र इयत्ता आठवीच्या पुस्तकात असते आणि ते पाठही होते. परंतु प्रारंभीची मंदगती आणि शेवटचा वेग हा त्या सूत्राचा जो आत्मा, तो पाठ होण्याजोगा नाही, कारण त्याला काळ लागतो, आणि मैदानावर तो काळ अंगावरून जातो.

याच रेघेचा दुसरा उपयोग कर्जासाठी आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांचा व्याजाशी पहिला परिचय ठेवीदार म्हणून होत नाही, ऋणको म्हणून होतो. खासगीत 'पाच टक्क्यांनी' पैसे घेतले असे म्हणतात तेव्हा ते पाच महिन्याचे असतात, वर्षाचे नसतात, हे मोठ्यांना ठाऊक असते आणि मुलांना क्वचितच. आता शिट्टी म्हणजे एक महिना. एक मूल रेघेच्या मागच्या बाजूला दहा पावलांवर, हजार रुपयांच्या कर्जात, उभे राहते. दर शिट्टीला व्याजाचे पन्नास रुपये चढतात, म्हणून ते अर्धे पाऊल मागे सरकते. मग ते पन्नासाचा हप्ता भरते आणि अर्धे पाऊल पुढे येते. बारा शिट्ट्या होतात, सहाशे रुपये भरून झालेले असतात आणि मूल होते तेथेच असते. मुद्दल जशीच्या तशी. ही गोष्ट वाक्यात सांगितली तर ऐकली जाते. बारा वेळा मागे-पुढे झालेल्या मुलाने ती स्वतः सांगितली तर वर्ग स्तब्ध होतो. हप्ताच भरला नाही आणि व्याज मुद्दलात मिसळत गेले, तर तेच मूल वर्षाअखेर जवळजवळ अठराव्या पावलावर आणि दोन वर्षांअखेर बत्तिसाव्या पावलावर मागे गेलेले असते. त्याच दोन वर्षांत शेकडा 4 दराच्या बचत खात्यात हजार रुपये ठेवलेले मूल पुरते एक पाऊलही पुढे सरकलेले नसते. महाग कर्ज अंगावर असताना बचतीचे कौतुक कितपत करावे, हा प्रश्न मग मुले आपण होऊन विचारतात.

भिशीचे वर्तुळ हा तसाच अर्थपूर्ण खेळ आहे, आणि तो तर आपल्या घराघरांतूनच घेता येतो. बारा मुले वर्तुळात, प्रत्येकाजवळ बारा चिंचोके, एक चिंचोका शंभराचा. दर शिट्टीला प्रत्येकाने एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा आणि चिठ्ठी निघेल त्याने बाराशेची भिशी उचलून वर्तुळाच्या आत येऊन उभे राहायचे. सहा शिट्ट्यांनंतर खेळ थांबवावा. सहा मुले आत असतात, सहा बाहेर. आतल्या प्रत्येकाने सहाशे भरून बाराशे घेतलेले असतात, म्हणजे ते सहाशेचे देणेकरी. बाहेरच्या प्रत्येकाने सहाशे भरून काहीच घेतलेले नसते, म्हणजे ते सहाशेचे येणेकरी. ज्या व्यवहाराला घरात सरसकट बचत म्हटले जाते त्यात अर्धे लोक बिनव्याजी कर्ज घेत असतात आणि अर्धे बिनव्याजी कर्ज देत असतात, ही गोष्ट आत आणि बाहेर उभे राहिल्यानेच उमजते. यानंतर शिक्षकाने आतल्या एका मुलाला गाव सोडून जायला सांगावे. सातव्या शिट्टीला ताटलीत अकराच चिंचोके पडतात. तूट कोणी सोसायची, यावर मुलांत जो वाद माजतो तो होऊ द्यावा. त्या वादातूनच जामीन, नोंदवही आणि लेखी करार यांची आवश्यकता पुढे येते, आणि चिट फंडांसाठी 1982 चा केंद्रीय कायदा किंवा ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा कायदा का करावा लागला, हे सांगण्यास भूमी तयार होते.

विम्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा वार्षिक हप्ता 20 रुपये आणि अपघाती मृत्यूची भरपाई 2 लाख. एका भरपाईची रक्कम जमण्यास दहा हजार माणसांचे हप्ते लागतात. चारशे मुलांच्या शाळेने मैदानावर रांगा धरून उभे राहावे आणि अशा पंचवीस शाळा मिळून एक भरपाई होते, हे सांगावे. अनेकांनी थोडे देणे आणि एकाने पुष्कळ घेणे यांचे प्रमाण त्या रांगेत उभे राहिलेल्याला विसरता येत नाही, आणि विमा हा बचतीचा प्रकार नव्हे, हेही त्यातच येऊन जाते.

बालबाजाराविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत या विषयाचा बहुधा सर्वांत प्रचलित उपक्रम तोच आहे. मुले घरून मेथीच्या जुड्या, लिंबे, भेळ, वडापाव आणतात, पटांगणात दुकाने मांडतात, पालक आणि गुरुजन गिऱ्हाईक होतात, आणि सायंकाळी कोणाला किती नफा झाला ते जाहीर होते. उत्साहाने ओसंडणारा हा दिवस मुलांना भाव सांगणे, सुटे देणे, उरलेला माल शेवटी स्वस्तात काढणे असे बरेच काही शिकवतो, आणि तो बंद पडू नये असेच मला मनापासून वाटते. परंतु त्यात जाहीर होणारा नफा बहुधा नफा नसतोच. भेळेचे दोनशे रुपये आले, मुरमुरे-शेवेला ऐंशी लागले, म्हणून एकशेवीस नफा, असे मूल सांगते. कांदे, चिंच आणि गूळ घरचे, गॅस घरचा आणि पहाटे उठून सारे चिरून-शिजवून देणारी आई तर हिशेबात कोठेच नाही. घरकामाला किंमत नसते, असा धडा शाळा अशा रीतीने नकळत देऊन बसते, आणि पुढे त्याच मुलींच्या श्रमांना घरात किंमत नसते. यावर उपाय फार सोपा आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरून आणलेल्या वस्तूंची आणि घरच्यांच्या कामाच्या तासांची यादी करावी, त्या तासांना गावातील मजुरीचा दर लावावा, आणि दुसऱ्या दिवशी मिळालेल्या पैशातून ही रक्कम आधी वजा करावी. पुष्कळ दुकाने तोट्यात निघतील. ती निघालीच पाहिजेत, कारण छोट्या धंद्यांची खरी स्थिती पुष्कळदा तीच असते.

या पद्धतीचा खरोखर उपयोग होतो काय, याविषयी जो पुरावा उपलब्ध आहे तो दोन निरनिराळ्या प्रांतांतून आणून जोडावा लागतो. हालचालीच्या बाजूने पाहता, नेदरलँड्समध्ये बारा शाळांतील 499 मुलांवर दोन वर्षे केलेला आणि 2016 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे: ज्यांनी गणित आणि भाषा यांचा सराव उड्या मारीत, जागच्या जागी चालत केला त्यांची गणितातील आणि शुद्धलेखनातील प्रगती इतरांहून चांगली झाली, वाचनात मात्र फरक पडला नाही. तेथील हालचालीचा विषयाशी आंतरिक संबंध नव्हता, म्हणजे उजळणीपुरता माझ्या पहिल्या वर्गालाही काही उपयोग आहे, हे मान्य केले पाहिजे. जर्मनीतील 2011 च्या एका अभ्यासात बालवाडीच्या मुलांना नृत्याच्या चटईवर डावी-उजवीकडे पाऊल टाकून संख्यांचा लहानमोठेपणा ठरवायला लावले, आणि तीच कसरत पाऊल न टाकता करणाऱ्यांपेक्षा त्यांचे संख्याज्ञान सरस ठरले. येथे पाऊल आणि अर्थ एकच होते.

अर्थशिक्षणाच्या बाजूने चित्र अधिक मिश्र आहे. 2014 साली फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी अनेक अभ्यासांचे संकलन करून असा निष्कर्ष काढला की माणसांच्या आर्थिक वर्तनातील तफावतीपैकी जेमतेम शेकडा 0.1 एवढीच अशा शिक्षणाने उलगडते, आणि दीर्घ अभ्यासक्रमांचाही परिणाम वीस महिन्यांनंतर नाममात्र उरतो. पुढे कायझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी 76 यादृच्छिक प्रयोग एकत्र अभ्यासून 2022 मध्ये बरेच आशादायक चित्र मांडले. ब्राझीलमध्ये 892 माध्यमिक शाळांत झालेल्या प्रयोगात मुलांचे ज्ञान आणि बचत वाढली, पालकांचेही ज्ञान वाढले. परंतु त्याच मुलांनी महागडी उधारीही अधिक वापरली. घानातील प्रयोग तर आपल्याला जवळचा आहे, कारण तेथे तपासलेल्या दोन कार्यक्रमांपैकी 'अफलातून' याची मुळे 1991 च्या मुंबईत, जेरू बिलिमोरिया यांच्या कामात, आहेत. नऊ महिन्यांनी शाळेतील कुलूपबंद पेटीत मुलांची शिल्लक वाढलेली दिसली, पण ती बव्हंशी घरातून शाळेत आणून ठेवलेली होती. आपल्याकडे संचयिका, म्हणजे शालेय बचतपेढी, चालवणाऱ्या शाळांनी हा निष्कर्ष नीट वाचावा, कारण पेटीतील रक्कम वाढणे आणि मुलाची बचतबुद्धी वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

सर्वांत विचारप्रवर्तक अभ्यास मात्र आपल्या देशातील आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी करून 2025 साली ती प्रसिद्ध केली. ही मुले अनेक जिनसांचा हिशेब तोंडी आणि बिनचूक करीत होती. तीच मुले शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेल्या, त्याहून सोप्या उदाहरणांत अडखळली. आणि बाजारात काम न करणारी शाळकरी मुले कागदावरील उदाहरणे सोडवून बाजारातल्या हिशेबात अडखळली. एका ठिकाणी कमावलेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. मैदानी पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली पाहिजे, कारण मैदानावर भिशी समजलेले मूल कर्जाच्या कागदासमोर निरक्षरच राहू शकते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, पावलांचा खेळ आणि त्याची लेखी नोंद एकाच दिवशी, एकाच तासिकेत व्हावी: हप्त्यासाठी मागे-पुढे झालेल्या मुलाने लगेच सावलीत बसून बारा महिन्यांचे कोष्टक भरावे, मुद्दल, व्याज, भरणा आणि बाकी असे चार रकाने आखावेत, आणि शेवटी खरा कर्जाचा नमुना-अर्ज हाती घेऊन त्यातील कोणता रकाना आपल्या कोणत्या पावलाचा, ते दाखवावे.

आणखी काही पथ्ये पाळावी लागतील. खेळात खरा पैसा कधीही नसावा आणि मुलांना घरच्या उत्पन्नाविषयी, कर्जाविषयी चारचौघांत विचारू नये. कर्जाच्या बाजूला उभे राहणारे मूल चिठ्ठीने निवडावे, कारण त्या बाजूला खरोखरच उभी असलेली मुले वर्गात असतातच. जे मूल धावू शकत नाही त्याला केवळ शिट्टी, नोंदवही किंवा ताटली सांभाळण्याचे काम देऊन भागवू नये. चाकांच्या खुर्चीच्या फेऱ्यांनी किंवा दोरीवर सरकवलेल्या मण्यांनी तेच अंतर तितकेच नेमके दाखवता येते. जी संस्था कर्जे, विमा किंवा समभाग विकते तिच्या नावाचे फलक आणि टोप्या या तासाला असू नयेत. काटकसरीच्या उपदेशालाही येथे थोडा लगाम हवा, कारण ज्या घरात महिन्याचा मेळच बसत नाही तेथील मुलाला बचत न होणे हा आईबापांचा दोष वाटू लागला, तर शिक्षणाने त्याचे नुकसानच केले असे होईल.

वेळ आणि जागा यांची अडचण समजली जाते तेवढी मोठी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत, आणि राज्यातील प्राथमिक शाळांसाठी 2024 पासून 'आनंददायी शनिवार' योजला गेला आहे. साहित्य म्हणून फक्की, शिट्टी, चिंचोके आणि आखीव कागद एवढे पुरते. उणीव आहे ती मूल्यमापनाची, आणि ती जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांच्या आवाक्यातील आहे. एका तालुक्यातील काही शाळांत कर्जाचा आणि भिशीचा पाठ मैदान व वही मिळून घ्यावा, काहींत नेहमीप्रमाणे फळ्यावर घ्यावा, शाळांची विभागणी सोडतीने करावी. परीक्षा त्याच आठवड्यात न घेता पुढील सत्राच्या अखेरीस घ्यावी, आणि तीत व्याख्या विचारू नयेत. मुलांपुढे दोन कर्जांचे कागद ठेवावेत, एकावर महिन्याचा दर आणि दुसऱ्यावर वर्षाचा, आणि यांपैकी कोणते घ्याल आणि बारा महिन्यांनी किती बाकी राहील, एवढेच लिहायला सांगावे.